आधी जागा बघू

काही माणसं प्रश्न ऐकला की डोकं खाजवतात, काही घसा साफ करतात. बैठकबहाद्दर आजूबाजूला बघतो. सावली कुठवर सरकलीय, ओटा तापलाय का, शेजारी कोण बसलंय, चहाची टपरी हाकेच्या अंतरात आहे की नाही, एवढं सगळं त्याच्या नजरेखालून जातं आणि मग तो म्हणतो, "प्रश्न चांगलाय. पण इथं नको."

मराठवाड्यात ही जमात मुबलक आहे. खेड्यात तो माजी सरपंच असतो, जिल्ह्याच्या ठिकाणी वकील आणि तालुक्याच्या गावी हमखास निवृत्त शिक्षक. पण जातिवंत नमुना बघायचा तर तो अंबाजोगाईचाच. योगेश्वरीचं गाव, मुकुंदराजांचं गाव. दासोपंतांना इथं कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी चाळीसेक फूट लांबीच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढलं. अशा गावात बोलायला विषय कमी पडत नाहीत. कमी पडते ती बसायला जागा.

मी ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना गावात नुसतं 'सर' म्हणतात. नाव सांगत नाही. एक तर असे सर गावात तीन-चार आहेत, आणि हे वाचून त्यातल्या प्रत्येकाला वाटणार आहे की लिहिलंय ते दुसऱ्यावर.

निवृत्त झाल्यावर कुणी पतसंस्थेचा संचालक होतो, कुणी शेतात विहीर खणतो, कुणी चारधामला जातो. सरांना प्लेटो लागला. कुठल्याशा रद्दीवाल्याकडं त्यांना प्लेटोच्या संवादांचा जाडजूड इंग्रजी खंड किलोच्या भावानं मिळाला आणि तेव्हापासून गावाची शांतता गेली. मात्र सरांची वाचायची रीत न्यारी. दुसरे लोक प्लेटो उघडून 'न्याय म्हणजे काय', 'आत्मा अमर आहे का' हे शोधतात. सर पहिलं पान उघडून बघतात की मंडळी बसलीत कुठं. "आपल्या प्राध्यापकांनी प्लेटोचं काय केलं माहिताय? मधला मुद्दा कापून घेतला आणि खालची सतरंजी फेकून दिली," हे त्यांचं लाडकं वाक्य. आणि खरं सांगायचं तर यात तथ्य आहे. प्लेटोचा सॉक्रेटिस सहसा अधांतरी बोलत नाही. कधी तो कुस्तीच्या आखाड्यात पोरांच्या घोळक्यात असतो, कधी न्यायालयाच्या ओसरीवर, कधी मेजवानीत, कधी तुरुंगात. जागा बदलली की त्याच्या बोलण्याची चालही बदलते.

सर हे नुसतं सांगून थांबले असते तर त्यांचं व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. त्यांनी प्रयोग सुरू केले.

पहिला प्रयोग 'फीड्रस'चा. या संवादात सॉक्रेटिस कधी नव्हे तो अथेन्सच्या वेशीबाहेर पडतो. फीड्रस नावाच्या तरुणानं अंगरख्याखाली एक भाषण लपवून आणलंय, ते ऐकायच्या लोभानं. दोघं इलिसस नदीत पाय भिजवत जातात आणि एका ऐसपैस चिनार वृक्षाखाली टेकतात. भर दुपार, थंडगार झरा, डोकं टेकायला उताराची हिरवळ, वर झाडावर किर्र करणारे किडे. सॉक्रेटिस सांगतो, हे किडे पूर्वी माणसं होते, गाण्याच्या नादात खाणंपिणं विसरून मेले. आता वरून बघत असतात की खालचे दोघं बोलतायत की मेंढरांसारखे पेंगतायत. मग प्रेम, वेड, आत्मा, लिहावं की बोलावं, असा सगळा संवाद त्या झाडाखाली होतो.

सर म्हणाले, "आपल्याकडं मुकुंदराजांच्या समाधीची दरी आहे. तशीच जागा. उद्या दुपारी बारा वाजता."

मे महिना होता. पारा 42 अंशांवर. सरांनी समाधीच्या वाटेवर आम्हाला चपला काढायला लावल्या, कारण सॉक्रेटिस अनवाणी होता. चार पावलांत आमच्यातला एक केशकर्तनालयवाला, ज्याला सर कौतुकानं ग्रीक पंडित प्रोटॅगोरसचं नाव देतात, एका पायावर नाचायला लागला. बालाघाटाच्या त्या दरीत मे महिन्यात पाय भिजवण्याइतकं पाणी सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागेल. झाड होतं. सावलीही होती. पण सावलीत आधीच शेरडं बसलेली आणि राखणारा पोरगा शर्ट तोंडावर घेऊन झोपलेला. सरांनी त्याला हलवलं. "बाळा, जरा सरक. आम्हाला प्रेमावर बोलायचंय." पोरगं तोंडावरचा शर्ट न काढता म्हणालं, "बोला की. शेरडं काय न्हाई म्हणायलीत का?"

पण त्या दिवशीचं सरांचं बोलणं मी विसरलेलो नाही. शेरडांमध्ये जागा करून बसल्यावर ते मुकुंदराजांवर आले. 'विवेकसिंधु' हा ग्रंथ 1188 चा, आणि तोही गुरुशिष्यांचा संवादच. शिष्य विचारतो, गुरू समजावतो. "पण दोघं बसले होते कुठं? ऊन होतं का पाऊस? शिष्याला भूक लागली होती का? पत्ता नाही!" सरांचा आवाज असा चढला की मुकुंदराजांनी त्यांना व्यक्तिशः फसवलं असावं. मी मध्ये म्हणालो की जागेची भानगड मुकुंदराजांच्या बाबतीत न काढलेली बरी, कारण ग्रंथातल्या अंबानगरीवर वैनगंगेकाठचं आंभोरंही हक्क सांगतं. सर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "या विषयाला त्रयस्थ जागा पाहिजे. नांदेडला कधी जायचं ते सांग."

मुकुंदराजांच्या दंतकथेवर मात्र ते खूश आहेत. राजा जैत्रपाळाची अट अशी होती म्हणे, की एक पाय रिकिबीत घालून दुसरा घोड्याच्या पलीकडं टाकेपर्यंत मला ब्रह्म दाखवा. ज्या साधूंना जमलं नाही ते अडकून पडले, मुकुंदराजांना जमलं. "बघा," सर म्हणाले, "अख्ख्या जगाच्या तत्त्वज्ञानात एवढी कमी जागा कुणी वापरलेली नाही. एक रिकीब!" प्रोटॅगोरसनं विचारलं, "आन् घोडा हाललाच नसंल का, सर?" सरांना हा प्रश्न इतका आवडला की ते उत्तर द्यायला विसरले.

जागेची नोंद ठेवणारे लोक या मुलखात नव्हते असंही नाही. ते महानुभाव. सरांना प्लेटोच्या खालोखाल कुणी प्रिय असेल तर म्हाइंभट. त्यांनी गावोगाव फिरून, ज्यानं पाहिलं त्याला विचारून चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या, आणि त्यात स्वामी कुठल्या देवळात होते, कुठं बसले, कुठं जेवले हेही टिपलं. पुढं तर या पंथानं 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथच केला. त्यात कुठल्या गावी, कुठल्या दिशेला, कुठल्या देवळाच्या कुठल्या अंगाला स्वामींचं आसन होतं याची यादी आहे. त्या त्या जागी ओटे बांधले आणि आजही लोक त्या ओट्यांना नमस्कार करतात. आपल्याच बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर आहे. दत्तात्रेयप्रभू दुपारच्या भोजनाला तिथं येतात अशी श्रद्धा आहे. सर तिथं ओट्यासमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले आणि परत आल्यावर म्हणाले, "ग्रीक लोकांनी सॉक्रेटिसला विष दिलं ते दिलं, निदान तो बसला होता तिथं एक ओटा तरी बांधायचा."

आता सरांच्या घराविषयी. प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस'मध्ये कॅलियस नावाच्या श्रीमंताच्या घरी तीन नामांकित पंडित उतरलेत. सॉक्रेटिस आणि त्याचा तरुण मित्र दारात पोचतात, पण वाटेत सुरू झालेला मुद्दा संपलेला नसतो म्हणून उंबऱ्यातच उभं राहून तो संपवतात. आतला द्वारपाल हे ऐकतो. त्याला वाटतं, आले आणखी दोन पंडित. तो दार उघडतो, यांना बघतो, 'मालकांना वेळ नाही' म्हणतो आणि दोन्ही हातांनी धाडकन दार लावून घेतो.

ग्रीक वाङ्मयातल्या या द्वारपालाला न्याय देणारी व्यक्ती अंबाजोगाईत एकच आहे, त्या म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या काकू. त्यांनी प्लेटो वाचलेला नाही. गरजही नाही. आम्ही फाटकाशी पोचलो आणि आवाजात जरा तत्त्वज्ञान मिसळलं की आतून कडी वाजते. "सर घरी नाहीत."

"काकू, त्यांचा आवाज यायलाय."

"आवाज येऊ द्या की. ते नाहीत."

त्या आवाजाचीही गंमत आहे. कॅलियसच्या घरी प्रॉडिकस नावाचा पंडित एका जुन्या कोठीच्या खोलीत कातडी आणि घोंगड्या पांघरून पडलेला असतो, आणि त्याच्या घनगंभीर आवाजानं खोली अशी घुमत असते की त्याचं एक अक्षर कळत नाही. सर डिसेंबरात मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना टेकून, वाकळ पांघरून वाचतात. मोठ्यानं. बाहेर फक्त घुमारा येतो. गल्लीतल्या एका नव्या भाडेकरूनं काकूंना विचारलं होतं, पिठाची गिरणी किती वाजता बंद होते.

बाकीचे प्रयोग भराभर सांगतो. 'युथिफ्रो'साठी तहसील कचेरीचा व्हरांडा निवडला होता. मूळ संवादात सॉक्रेटिस आणि युथिफ्रो दोघं आपापल्या खटल्यासाठी अधिकाऱ्याच्या ओसरीवर भेटतात. युथिफ्रो स्वतःच्या बापावर खटला भरायला आलाय आणि धर्म म्हणजे काय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं सांगतोय. सरांना व्हरांड्यात बापावर, भावावर, चुलत्यावर दावा लावलेले इतके युथिफ्रो भेटले की सर वैतागून निघून आले. प्रत्येकाला धर्म ठाऊक होता. कुणालाच बोलायला वेळ नव्हता, पुकारा व्हायचा होता.

'सिंपोजियम'साठी परळी रस्त्यावरचा ढाबा. सर माळकरी, म्हणून समोर भाकरी, ठेचा आणि पाण्याचा जग. अगॅथॉनच्या घरच्या त्या मेजवानीत ॲरिस्टोफेनिसला उचकी लागते आणि त्याची बोलायची पाळी वैद्याला जाते. वैद्य आधी उपाय सांगतो. श्वास कोंडून धर, गुळण्या कर, शिंक काढ. आमच्या टेबलावर ठेच्यानं खरोखरच एकाला उचकी लागली. सर उभे राहिले, आनंदानं थरथरत होते. "बघा! बघा! शरीर मध्ये आलं! प्लेटोनं उचकी का घातली ते आज कळलं!" ढाबेवाल्यानं लांबून ओरडून निदान केलं, "घरून आठवण काढायलेत जनू." शेवटी तर कळस झाला. मूळ संवादात अल्किबायडीज पिऊन, डोक्यावर फुलं बांधून घुसतो आणि सॉक्रेटिसवरच्या प्रेमाचं भाषण करतो. आमच्याकडं सरांचा एक जुना विद्यार्थी घुसला. आता रस्त्यांची कामं घेतो. फुलं नव्हती, फेटा होता, लग्नातून आला होता. त्यानं सरांच्या गळ्यात पडून रडत सांगितलं की सर, तुम्ही मला नववीत नापास केलं म्हणून मी माणूस झालो. सगळ्यांचं बिल त्यानं दिलं. सरांच्या मते एवढा शुद्ध प्रयोग अथेन्सच्या बाहेर झालेला नाही.

'फीडो' स्मशानातल्या शेडमध्ये झाला. इ.स.पू. 399, सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस. पायातल्या बेड्या आत्ताच काढल्यात, तो खाटेवर बसून पाय चोळतो आणि म्हणतो, सुखदुःखाची काय गंमत आहे बघा, एक गेलं की मागोमाग दुसरं येतं. सर सांगता सांगता पाय चोळत होते. शेजारचे आजोबा, जे कुणाच्या तरी मातीला आले होते, कळवळून म्हणाले, "मुंग्या आल्यात का? उठून जरा चाला." त्या संवादातली सरांची सर्वांत आवडती जागा म्हणजे तुरुंगात कोण कोण होतं याची यादी. फीडो सगळी नावं सांगतो आणि म्हणतो, प्लेटो, मला वाटतं, आजारी होता. "म्हणजे ज्यानं जगातली सगळ्यात प्रसिद्ध खोली लिहिली तो त्या खोलीत नव्हता!" असं म्हणून सर माझ्याकडं बघतात. माझं लग्नांना, मातीला न जाणं त्यांना ठाऊक आहे.

रोमन लोकांवर मात्र त्यांचा राग आहे. सिसेरोनं वक्तृत्वावर संवाद लिहिला, त्यात पुढारी मंडळी बागेत फिरताना एकाला चिनार दिसतो. तो म्हणतो, चला, आपणही सॉक्रेटिससारखं झाडाखाली बसू. यजमान म्हणतो, जरूर, पण जरा आरामात, आणि नोकराकडून उशा मागवतो. "उशा आल्या तिथं तत्त्वज्ञान संपलं आणि चर्चासत्र सुरू झालं." हे सर बोलले तेव्हा आम्ही एका चर्चासत्रातच होतो, मागच्या रांगेत, गादीच्या खुर्च्यांवर. सर तेवढ्या वाक्यापुरते उठून उभे राहिले होते.

इथवर सगळी मजा. पण 'रिपब्लिक' आला आणि सर अडकले.

'रिपब्लिक'ची सुरुवात अशी. सॉक्रेटिस बंदरावर, पायरियसला, नव्या देवीचा उत्सव बघायला उतरलाय. परत वर शहराकडं निघाला की मागून एक गुलाम येऊन त्याचा अंगरखा धरतो. मालक पोलेमार्कस म्हणतो, आम्ही किती जण आहोत बघितलंस ना? एक तर आमच्याहून बळकट हो, नाही तर थांब. हसतखेळत चाललंय, पण न्यायावरच्या ग्रंथाचं दार बळजबरीनं उघडतं. मग आमिष दाखवतात. रात्री घोड्यावरून मशालींची शर्यत आहे, आधी घरी जेवू, मग बघायला जाऊ. सॉक्रेटिस थांबतो. पुढं दहा खंड होतात. राज्य उभं राहतं, कवींना हाकललं जातं, माणसं गुहेत बसून सावल्या बघतात, मेलेला शिपाई परलोक बघून परत येतो. त्या शर्यतीचा आणि त्या जेवणाचा पुन्हा उल्लेख नाही. सर म्हणतात, "जेवायला बोलावून दहा खंड ऐकवणं हे फक्त आपल्याकडंच होतं असं वाटायचं मला."

पण घर कुणाचं? केफलसचं. हा सिराक्यूजहून येऊन अथेन्सला राहिलेला परका. ढालींचा कारखाना, पैसा अमाप, नागरिकत्व नाही. म्हातारा देवाला बळी देऊन उठलाय, गादीवर टेकलाय, म्हणतो की पैशाचा मोठा उपयोग म्हणजे कुणाचं देणं न ठेवता मरता येतं. प्लेटोच्या पहिल्या वाचकांना या घराचं पुढं काय झालं ते पाठ होतं. इ.स.पू. 404 मध्ये तीस जुलमी सत्तेवर आले, त्यांनी श्रीमंत परक्यांना लुटायचं ठरवलं. पोलेमार्कसला वाटेत धरलं आणि खटला न चालवता विष प्यायला लावलं. त्याचा भाऊ लिसियस दुसऱ्या दारानं पळाला म्हणून वाचला. फीड्रसच्या अंगरख्याखालचं भाषण या लिसियसचंच. आणि त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. म्हणजे न्याय म्हणजे काय हे प्लेटो ज्या घरात बसून विचारतो, ते घर त्याच्याच नातेवाइकांनी बुडवलेलं आहे. पुस्तकात यातलं एक अक्षर नाही. नुसता पत्ता दिलाय.

हे सरांनी पारावर सांगितलं त्या संध्याकाळी कुणी विनोद केला नाही.

मग एकानं विचारलं, "सर, मग आपण न्यायाचं बोलायचं ते कुठं बसून?" कारखानदाराच्या घरी, हे सरांना कळत होतं. बीड जिल्ह्यात कारखाना म्हटल्यावर तो साखरेचाच, दुसरा अर्थ लावायचं कारण नाही. पण कारखानदाराच्या बंगल्यावर सरांना कोण बोलावणार? आणि दसरा झाला होता. पार निम्मा रिकामा झालेला. ज्यांना न्यायाबद्दल काही म्हणायचं असेल ते गडी ट्रकमध्ये बायकापोरं, भांडीकुंडी, कोंबड्या घालून ऊसतोडीला गेले होते. दर साली जातात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला. कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. धारूर तालुक्यातला एक गडी होता, उन्हाळ्यात पारावर बसायचा आणि सरांच्या प्रत्येक बोलण्यावर एकच विचारायचा, "मंग?" सरांना सगळ्या गावात खरा श्रोता तेवढा एकच वाटायचा. त्यांनी त्याला फोन लावला. तिकडून आवाज आला, "सर, फडात हाय. राती बोलू." रात्री लावला. "गाडी भरायलो, सर."

तेव्हा सरांनी ठरवलं की संवाद तिकडं न्यायचा. जानेवारीत आम्ही दोघं एसटीनं कोल्हापूरकडं निघालो. सरांच्या पिशवीत प्लेटो, घडीची सतरंजी आणि काकूंनी दिलेल्या दशम्या.

पहाटे फडात पोचलो तेव्हा तोड कधीची सुरू झाली होती. थंडी अशी की दात वाजावेत. पुरुष आणि बाया खालून ऊस तोडत पुढं सरकतायत, वाढे वेगळे, मोळ्या बांधल्या जातायत, लहान पोरं पाचटात खेळतायत. आमचा गडी हसला, कोयता न थांबवता म्हणाला, "या सर. बसा कुठंबी."

कुठंही! सरांना आयुष्यात असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी सावलीचा हिशेब केला, वारा बघितला आणि बांधावर सतरंजी टाकली.

"तितून गाडी येनार हाय, सर," गड्याची बायको म्हणाली.

सर उठले. तोडलेल्या पट्टीत बसले. "थितं मोळ्या टाकायच्यात." सर पाचटाच्या ढिगावर गेले. ढिगात पोर झोपलेलं निघालं. शेवटी ते एका बांधलेल्या मोळीवर टेकले आणि प्लेटो उघडून म्हणाले, "तर प्रश्न असा आहे, की न्याय म्हणजे काय?"

"उठा जरा," बाई म्हणाली. "ती मोळी भरायचीय."

सर उठले. आता बसायला काही उरलं नव्हतं. बाईनं मोळी उचलायला त्यांचा हात मागितला, तो त्यांनी दिला, आणि मग तो हात त्यांना परत मिळाला नाही. पुढचा तासभर सर मोळ्या गाडीपर्यंत पोचवत होते. मीही. प्लेटो बैलाच्या दावणीशी.

गडी मध्येच म्हणाला, "काय इचारत हुता, सर? न्याय?"

"हो," सर धापा टाकत म्हणाले.

"न्याय म्हंजी मुकादम म्हनंल त्ये. उचल त्याची, हिशोब त्याचा. खाडा झाला की पैसं कापायचे किती त्ये बी त्योच सांगनार. आनिक काय आसतंय?"

सर जागच्या जागी थांबले. त्यांचे डोळे चमकले. 'रिपब्लिक'च्या पहिल्या खंडात थ्रॅसिमॅकस नावाचा पंडित तरातरा पुढं येतो आणि नेमकं हेच म्हणतो. न्याय म्हणजे बलवानाचं हित. ज्याच्या हाती सत्ता, तो स्वतःच्या फायद्याचा कायदा करतो आणि त्यालाच न्याय म्हणतो. सॉक्रेटिस त्याला उलटसुलट प्रश्नांनी असा घेरतो की तो घामाघूम होतो. प्लेटो लिहितो, उन्हाळा होता. सर मला म्हणाले, "थ्रॅसिमॅकस! न वाचता! आता मी सॉक्रेटिसची बाजू..." आणि बोलता बोलता त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. जानेवारी होता. घाम फक्त सरांनाच आला होता.

गड्यानं नेहमीसारखं विचारलं, "मंग?"

सरांना सॉक्रेटिसचं उत्तर पाठ आहे. वैद्य रोग्याचं हित बघतो, जहाजाचा कप्तान खलाशांचं, तसा खरा राज्यकर्ता प्रजेचं. ते त्यांनी म्हणूनही टाकलं. बाई मोळी बांधता बांधता हसली. कुणाला लागेल असं हसली नाही, पण पुढं बोलायचं काही ठेवलं नाही. वर गाडीवरून कुणीतरी ओरडलं, "ओ गुरुजी, हात चालवा!"

माझं मत विचाराल तर प्लेटोला जागेचं महत्त्व कळलं होतं, पण एक सोय त्यानं गृहीत धरली होती. त्याच्या संवादात मंडळी नेहमी बसू शकतात. उभं राहून काम करणारे तिथंही आहेत. अंगरखा धरणारा गुलाम आहे, दार लावणारा द्वारपाल आहे, 'मेनो'मध्ये भूमितीचं उत्तर काढणारा नोकर पोरगा आहे. पोराला काम संपल्यावर प्लेटो निरोप देतो, त्याचं नावही सांगत नाही. चौरसाची दुप्पट त्यानं काढली, पण त्याला स्वतःला काय विचारायचं होतं ते विचारायला त्याला कुणी बसवलं नाही.

सर परत आले आणि आठ दिवस पाठदुखीनं पडून होते. वाकळ, पोती, घुमारा, सगळं बंद. काकूंनी आम्हाला पहिल्यांदाच हसतमुखानं दार उघडलं. सर बदलले असतील असं वाटत असेल तर तसं काही नाही. माणूस या वयात बदलत नाही आणि बैठकबहाद्दर तर कुठल्याच वयात नाही. नवव्या दिवशी ते प्लेटोच्या 'लॉज' या संवादावर बोलायला लागले होते. त्यात तीन म्हातारे क्रीटमध्ये क्नॉससहून झ्यूसच्या गुहेकडं चालत जाताना वाटेत कायदे करतात. सरांच्या डोक्यात अंबाजोगाई ते परळी वैजनाथ असा पायी संवाद आहे. पंचवीसेक किलोमीटर. त्यांना अजून दोन म्हातारे हवेत.

तेव्हा कुणाची तयारी असेल तर यावं. एवढंच सांगतो, गुढीपाडवा होऊन जाऊ द्या, तोपर्यंत तोडीचे गडी परत आलेले असतात आणि 'मंग?' विचारणारा माणूस पारावर असतो. त्याच्याशिवाय सरांना ऐकण्यात अर्थ नाही. फाटकाशी तत्त्वज्ञान बोलू नका, काकूंचे कान तिखट आहेत. आणि सर म्हणाले की आधी बोलू, मग घरीच जेवू, तर बसस्टँडवर काहीतरी खाऊन घ्या.